शाळांच्या वेबसाइट वर्डप्रेसवर नेताना मराठी मजकूर पुन्हा पुन्हा का मोडतो

एका शिक्षणसंस्थेच्या आठ-दहा शाळा असतात आणि प्रत्येकीची वेबसाइट वेगळ्या साली, वेगळ्या माणसाने उभी केलेली असते. एक साध्या एचटीएमएल पानांची, दोन जूमलावर, तीन जुन्या वर्डप्रेसवर, एखादी कुणीतरी हाताने लिहिलेल्या पीएचपीत. मग संस्था ठरवते, सगळ्या एकाच वर्डप्रेस मल्टिसाइटवर (एकाच वर्डप्रेसमधून चालणाऱ्या अनेक साइट) आणायच्या. पहिली शाळा सुरळीत येते. दुसरीचं मुखपृष्ठ उघडावं तर मराठीच्या जागी भलतंच काही. नेटवर सापडलेली एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, चालवली की ते दुरुस्त होतं, म्हणून तीच क्वेरी तिसऱ्या शाळेवर चालवली जाते, आणि तिथे धड होता तो मजकूरही प्रश्नचिन्हांत जातो.

'मराठी दिसत नाही' ही तक्रार एक, पण तिच्यामागे निदान पाच निरनिराळे बिघाड असतात. प्रत्येकाची खूण वेगळी, उपाय वेगळा. चुकीचा उपाय नुसता वाया जात नाही, मजकूर कायमचा घालवतो. म्हणून डेटाबेसला हात लावण्याआधी मोडलेला मजकूर डोळे उघडून बघायचा.

खुणा

डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन 'ए', त्याला चिकटून चार शेपट्यांचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, आणि हीच जोडी ओळभर पुन्हा पुन्हा: मजकूर शाबूत आहे, फक्त वाचणाऱ्याला चुकीच्या लिपीसंचात (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याची तालिका, इंग्रजीत कॅरेक्टर सेट) वाचायला सांगितलंय. नुसती प्रश्नचिन्हं, शब्दांमधल्या मोकळ्या जागा मात्र जागच्या जागी: मजकूर गेला. अर्थहीन रोमन अक्षरं, मध्येच कंस, स्वल्पविराम, डॉलरची खूण: हा जुन्या फाँटातला मजकूर, याचा डेटाबेसशी काही संबंध नाही. एरवी सगळं नीट, पण कुठे कुठे काळ्या हिऱ्यात प्रश्नचिन्ह: एखाद-दुसरा बाइट गळालाय. आणि नोटीस अर्ध्यातच संपत असेल तर मूळ साइटवर त्याच जागी इमोजी आहे का ते बघा. वर्डप्रेसचा मजकूर ठेवणाऱ्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या जुन्या 'यूटीएफ८' संचात एका अक्षराला तीनच बाइट मिळतात. देवनागरी त्यात बसते, इमोजीला चार लागतात, आणि सर्व्हर कडक मोडमध्ये नसेल तर तिथून पुढचं सगळं तो बिनबोभाट कापून टाकतो. नवीन टेबलं 'यूटीएफ८एमबी४' करून पुन्हा आयात केली की हा प्रश्न मिटतो.

पक्की तपासणी : हेक्स

पडद्यावर दिसतं त्यावर पूर्ण भरवसा नको. पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन) उघडा, मराठी शीर्षक असलेली एक पोस्ट निवडा आणि तिच्या शीर्षकाच्या कॉलमवर हेक्स हे फंक्शन चालवा; ते साठवलेले बाइट सोळाच्या अंकपद्धतीत दाखवतं. समजा शीर्षक 'शाळा' आहे. श, काना, ळ, काना अशी चार चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट, एकूण १२. हेक्समध्ये ते असं दिसायला हवं: ई० ए४ बी६, ई० ए४ बीई, ई० ए४ बी३, ई० ए४ बीई. देवनागरीच्या पहिल्या ६४ चिन्हांची सुरुवात ई० ए४ ने होते, पुढच्या ६४ ची ई० ए५ ने. मघाचा रेघवाला 'ए' म्हणजे ई०, गोल चिन्ह म्हणजे ए४, येन म्हणजे ए५.

१२ च्या जागी २४ बाइट निघाले आणि सुरुवात सी३ ए० सी२ ए४ अशी असेल तर मजकुरावर दोनदा संस्करण झालंय, म्हणजे आधीच यूटीएफ-८ असलेल्या बाइटांचं पुन्हा यूटीएफ-८ केलं गेलंय. ३एफ ३एफ ३एफ ३एफ असेल तर ती खरीच प्रश्नचिन्हं आहेत. बाइट बरोबर असतील तर त्याच टेबलावर 'शो क्रिएट टेबल' चालवून कॉलमवर लेबल, म्हणजे नोंदवलेला लिपीसंच, कोणतं आहे तेही बघा. बाइटही बरोबर, लेबलही यूटीएफ८एमबी४, तरी पान मोडलेलं असेल तर दोष डेटाबेसचा नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क खाली पानाचं कंटेंट-टाइप हेडर पाहा. अपाची या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ॲड-डिफॉल्ट-कॅरसेटला आयएसओ-८८५९-१ लिहिलेलं असलं की पानातला मेटा टॅग काहीही म्हणो, ब्राउझर हेडरचंच ऐकतो.

ही तपासणी प्रत्येक शाळेच्या डेटाबेसवर वेगळी, आणि प्रत्येक ठिकाणी किमान तीन पोस्टवर करा: सर्वांत जुनी, मधली, सर्वांत नवी. मधल्या काळात होस्टिंग बदललेलं असलं तर एकाच टेबलात दोन प्रकारच्या ओळी सापडतात.

बाइट बरोबर, लेबल लॅटिन१

जुन्या साइटवर हाच प्रकार सर्वाधिक भेटतो. मायएसक्यूएल ८.० येईपर्यंत कुणी काही सांगितलं नाही तर टेबल 'लॅटिन१' आणि क्रम (कोलेशन, अक्षरं लावायची रीत) 'लॅटिन१ स्वीडिश' हाच मिळायचा. (हे स्वीडिश कुठून आलं, तर मायएसक्यूएल मुळात स्वीडनमधल्या मंडळींचं.) जुनी पीएचपी आणि डेटाबेस यांच्यातली जोडणीही लॅटिन१ असायची, त्यामुळे मराठी बाइट जसेच्या तसे आत जायचे, जसेच्या तसे बाहेर यायचे. दोन्ही बाजूंची चूक सारखीच, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नाही. नवीन वर्डप्रेस यूटीएफ८एमबी४ मध्येच बोलतो आणि पितळ उघडं पडतं.

इथे सगळ्यांचा हात आपसूक 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' कडे जातो. तेच करायचं नाही. त्या आज्ञेला वाटतं, आतले बाइट खरोखरच लॅटिन आहेत, आणि ती प्रत्येक बाइटाचं इमानेइतबारे यूटीएफ-८ करते. दोनदा संस्करण झालेला मजकूर बहुतेक वेळा असाच जन्माला येतो.

बरोबर रीत दोन पायऱ्यांची. आधी कॉलमचा प्रकार बायनरी करा: टेक्स्टचा ब्लॉब, लाँगटेक्स्टचा लाँगब्लॉब, व्हारकॅर २५५ चा व्हारबायनरी २५५. बायनरीला लिपीसंच नसतो, त्यामुळे लेबल गळून पडतं आणि बाइट तसेच राहतात. मग तोच कॉलम पुन्हा मूळ प्रकारात, यूटीएफ८एमबी४ लेबल लावून आणा. ऑल्टरच्या प्रत्येक आज्ञेत 'नॉट नल' आणि 'डिफॉल्ट' पुन्हा लिहा, नाहीतर ते उडतात आणि महिनाभराने भलत्याच ठिकाणी चूक दिसते. कॉलमवर फुलटेक्स्ट इंडेक्स असेल तर आधी काढा, शेवटी परत लावा. '७६७ बाइटपेक्षा मोठी की' अशी तक्रार आली तर त्या इंडेक्सची लांबी १९१ करा. चार बाइटांच्या हिशेबाने ७६७ मध्ये १९१ अक्षरंच बसतात.

टेबलं खूप असतील तर डंपचा, म्हणजे डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढण्याचा, रस्ता सोपा. मायएसक्यूएलडंप चालवताना डिफॉल्ट कॅरेक्टर सेट लॅटिन१ द्या आणि 'स्किप-सेट-कॅरसेट' हा पर्यायही द्या. निघालेल्या फाइलमध्ये फक्त क्रिएट टेबलच्या ओळींतलं लॅटिन१ बदलून यूटीएफ८एमबी४ करा आणि आयात करताना जोडणी यूटीएफ८एमबी४ ठेवा. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका, बदल सेड या कमांडने करा. मायएसक्यूएल ८ मधून काढलेला डंप मारियाडीबीवर (मायएसक्यूएलपासूनच निघालेला डेटाबेस) चढवताना '०९०० एआय सीआय हे कोलेशन माहीत नाही' अशी चूक आली तर त्या जागी 'यूटीएफ८एमबी४ युनिकोड ५२० सीआय' घाला.

दोनदा संस्करण झालेला मजकूर

उलटी क्रिया एका क्वेरीत होते: कॉलम लॅटिन१ मध्ये रूपांतरित करायचा, त्याला बायनरी म्हणून कास्ट करायचं आणि ते यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचायचं. क्वेरी निर्दोष आहे, पण ती चांगल्या ओळीवर चालली तर खऱ्या देवनागरीचं लॅटिन१ करू पाहते आणि प्रत्येक चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह ठेवून मोकळी होते. दुसऱ्यांदा चालवली तरी तेच. म्हणून 'व्हेअर' मध्ये अट हवीच: कॉलमच्या हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ असेल तरच.

एवढ्याने भागत नाही. शाळेतल्या कुणीतरी मोडलेल्या पोस्टच्या खाली नवा परिच्छेद टाकलेला असतो, आणि एकाच ओळीत वर मोडकं, खाली धड अशी स्थिती होते. अशा ओळी आधी शोधून बाजूला काढा: ज्यांच्या हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ आणि ई०ए४ दोन्ही आहेत त्या. बहुतेक शाळांत त्या दोन-चार डझनांपलीकडे जात नाहीत. हाताने दुरुस्त केलेल्या परवडतात.

फक्त काही अक्षरं मोडतात तेव्हा

हा प्रकार जरा बारकाईने समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे लोक फाँटला दोष देत बसतात. 'विद्यार्थी' मधला द आणि य तुटलेला, मध्ये हिरा. 'झेंडावंदन' मधला झ गायब. 'एकूण' मधला ए गायब. बाकी परिच्छेद मात्र सुंदर.

विंडोज-१२५२ या लिपीसंचात पाच बाइट रिकामे आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता देवनागरीचे तिसरे बाइट बघा. हलन्ताच्या चिन्हाचा शेवटचा बाइट ८डी. पहिल्या उकाराचा ८१, चंद्रबिंदूचाही ८१. ए चा ८एफ, ऐ चा आणि ॐ चा ९०, झ चा ९डी. मजकूर कुठल्याही कडक विंडोज-१२५२ साधनातून गेला, मग ती पायथनची स्क्रिप्ट असो, एखादा ऑनलाइन डिकोडर असो किंवा जुना एडिटर, की नेमकी हीच अक्षरं गळतात. मायएसक्यूएलचा स्वतःचा लॅटिन१ हे पाचही बाइट सांभाळतो. म्हणून उलटं रूपांतर डेटाबेसच्या आतच करा, मजकूर बाहेर काढून करू नका.

याच जातीचे आणखी दोन बळी ठ आणि भ. ठ चा शेवटचा बाइट ए० म्हणजे लॅटिनमधली न तुटणारी मोकळी जागा. एडिटर 'साफसफाई' करताना तिची साधी स्पेस करतो आणि 'पाठ' चा ठ फुटतो. भ चा शेवटचा बाइट एडी, म्हणजे अदृश्य संयोगचिन्ह. तेही साफसफाईत उडतं.

बाइट गळून गेल्यावर मागे ई० ए५ अशी अनाथ जोडी उरते. तिथे उकार होता की हलन्त, हे यंत्राला कळत नाही, शब्द वाचूनच ठरवावं लागतं. मूळ डेटाबेस हाताशी असेल तर या दुरुस्तीत वेळ घालवू नका, पुन्हा पहिल्यापासून स्थलांतर करा. ते लवकर होतं.

प्रश्नचिन्हं

इथे क्वेरीने काही परत येत नाही. जुना सर्व्हर चालू असेल तर तिथून नवा डंप, नाहीतर होस्टिंगचा बॅकअप, तोही नसेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधली जुनी पानं. एवढेच मार्ग. म्हणून जुनं होस्टिंग निदान एक शैक्षणिक वर्ष, जून ते मे, बंद करू नये. मोडकं पान बहुधा प्रवेशाच्या नाहीतर निकालाच्या वेळी कुणाच्या तरी नजरेस पडतं, तोवर ते कुणी उघडलेलंच नसतं.

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सुरेख

२००० च्या आसपासच्या साइटवर मराठी दिसायची ती रोमन अक्षरांना देवनागरीचा मुखवटा घालून. फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हं, वरून फाँट. नवीन थीममध्ये तो फाँट नाही, की मुखवटा गळतो. जुना फाँट नवीन थीममध्ये घालून वेळ मारून नेऊ नका. गूगलला आणि स्क्रीन रीडरला ते रोमन कचऱ्यासारखंच दिसतं, आणि मोबाइलवर पालकांनाही.

रूपांतर करायचं ते आयातीच्या आधी, हे इथलं कळीचं. जुन्या एचटीएमएलमध्ये प्रत्येक परिच्छेदाभोवती फाँट-फेसचा टॅग असतो, आणि कुठला मजकूर कुठल्या फाँटातला आहे याचा तो एकमेव पुरावा. 'साधा मजकूर म्हणून' पेस्ट करताना तो टॅग जातो, आणि आयातीच्या साफसफाईतही जाऊ शकतो. मग शीर्षक शिवाजीत होतं, तक्ता सुरेखमध्ये होता आणि शाळेचा पत्ता साध्या इंग्रजीत, हे ओळखणार कसं? प्रत्येक फाँट-कुटुंबाची अक्षरतालिका वेगळी, त्यामुळे एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्यावर चालवला की तिसरंच काही निघतं.

सगळ्या पानांतून ग्रेप या कमांडने फाँट-फेसच्या किमती आणि त्या किती वेळा आल्यात ते काढा. एकाच फाँटाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं आढळेल, ती एकत्र करा. मग टॅगच्या आतल्या मजकुराचे एचटीएमएल एंटिटी आधी उलगडा. काही फाँटांत 'अँड' ची खूण किंवा 'पेक्षा लहान' ची खूण हेच एखादं अक्षर असतं आणि फाइलमध्ये ते एंटिटी होऊन बसलेलं असतं. त्यानंतरच कन्व्हर्टर, तोही फक्त मजकुरावर. लिंकांचे पत्ते आणि ईमेल त्यातून वगळा.

निकाल तपासताना चार जागा बघा. पहिली वेलांटी: जुन्या फाँटात ती अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर, आणि जोडाक्षरावर असली की कन्व्हर्टर तिला मध्येच सोडून देतो. रफार: तो जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ऱ्य आणि ऱ्ह: 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होतं. आणि ॲ, ऑ. शब्दाच्या सुरुवातीला मात्रा किंवा सलग दोन मात्रा शोधणारी एक रेजेक्स (मजकूर शोधायचा साचा) चालवली तर वेलांटीच्या बहुतेक चुका एका झटक्यात हाती लागतात. ऱ्य मात्र डोळ्यांनीच. 'दुसर्या' ला कुठलीच रेजेक्स चूक म्हणत नाही.

जुन्या पीडीएफ परिपत्रकांना हात लावायची गरज नाही, त्यांच्यात फाँट सहसा आतच बसवलेला असतो. फक्त लिंकचं नाव युनिकोडमध्ये नीट लिहा.

फाइलची नावं आणि पानांचे पत्ते

'दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक' नावाची पीडीएफ फोल्डरमध्ये दिसते, लिंक मात्र ४०४. कारण ऱ. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक सलग चिन्ह, किंवा र आणि खाली नुक्ता. जुन्या मॅकची फाइलप्रणाली नावं फोडून ठेवते. त्या मॅकवरून फाइली लिनक्स सर्व्हरवर गेल्या की नाव डोळ्याला तेच, बाइट वेगळे. फाइली नव्या ठिकाणी ठेवण्याआधी सगळी नावं रोमन लिपीत, छोटी, आडव्या रेघांची करून टाका. लिनक्सवर नावाला २५५ बाइट, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हंच मिळतात, हेही त्यामागचं एक कारण.

पानांच्या पत्त्याचं गणित याहून आखूड. वर्डप्रेस पत्त्याचा तुकडा २०० अक्षरांत साठवतो आणि देवनागरीचं एक चिन्ह टक्केवारीच्या खुणांसकट ९ अक्षरं खातं. 'वार्षिक स्नेहसंमेलन २०२३' मध्ये २२ देवनागरी चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा: १९८ अधिक २, बरोबर २००. त्यापुढे 'अहवाल' लिहा की 'छायाचित्रे', दोन्हींचा पत्ता तिथेच कापला जातो आणि दुसऱ्याला शेपटीला २ लागतो. आयातीनंतर पत्त्यांची अदलाबदल झालेली दिसली तर बहुधा हेच. पत्ते रोमनमध्ये द्या, शीर्षक मराठीत राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंकही मग माणसासारखी दिसते.

जूमलाच्या जुन्या पत्त्यांत लेखाचा क्रमांक प्रश्नचिन्हानंतर असतो. अपाचीचा रीराइट-रूल प्रश्नचिन्हापुढचं बघतच नाही, तिथे क्वेरी-स्ट्रिंगवर रीराइट-कंड लावावी लागते आणि नव्या पत्त्यावर जुनी शेपटी जाऊ नये म्हणून क्यूएसडी हा फ्लॅग. पुनर्निर्देशन ३०१ चं ठेवा.

उरलेले, पण रोजचे

डोमेन बदलताना डेटाबेसवर थेट 'रिप्लेस' चालवली की विजेट आणि थीमची सेटिंग्ज उडतात. वर्डप्रेस ती सीरियलाइझ करून ठेवतो, प्रत्येक मजकुराआधी त्याची बाइटमधली लांबी लिहून: 'शाळा' साठी १२. एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलं, एक अक्षर वाढलं, लिहिलेली लांबी तीच राहिली, की अख्खी नोंद वाचता येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची सर्च-रिप्लेस वापरा, आधी ड्राय-रन, मल्टिसाइट असेल तर नेटवर्कचा पर्याय लावून, जीयूआयडी कॉलम वगळून.

स्कॅन केलेली पीडीएफ चढत नाही आणि पीएचपीची मर्यादा तर ६४ एमबी आहे? मल्टिसाइटची स्वतःची मर्यादा प्रत्येक फाइलला १५०० केबी असते. नेटवर्क ॲडमिनच्या सेटिंग्जमध्ये ती वाढवा.

शिक्षकांची यादी एक्सेलमधून सीएसव्ही करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. नुसत्या सीएसव्हीत नावांची प्रश्नचिन्हं होतात, आणि तीही खरीच.

मुखपृष्ठावर बातम्यांच्या मथळ्यांच्या शेवटी हिरा दिसत असेल तर थीममध्ये कुणीतरी सबस्ट्र वापरलंय. ते बाइट मोजतं: ५० वर कापलं की सलग देवनागरीची १६ चिन्हं आणि सतराव्याचे दोन बाइट. एमबी-सबस्ट्र घाला. शिरोरेषा तुटलेली असेल तर सीएसएसमधलं लेटर-स्पेसिंग शून्य करा.

हलवण्याआधी

प्रत्येक जुन्या साइटवर एक अप्रकाशित पोस्ट करून ठेवा: 'दुसऱ्या ॲपवरून ऐंशी ठराव आले, झेंडूची फुलं घेऊन भाऊ शाळेतून बँकेत गेले, एक ठराव ऑफिसात राहिला.' बाइट गळून मोडणाऱ्या, वर सांगितलेल्या अक्षरांपैकी ॐ सोडून सगळी यात आहेत. स्थलांतरानंतर आधी हीच पोस्ट उघडा. ती नीट आली म्हणजे वाट सुरक्षित आहे इतकंच कळतं. जुना मजकूर कोणत्या जोडणीतून आत गेला होता हे त्यातून कळत नाही, त्यासाठी जुनी, मधली, नवी या तीन पोस्टचं हेक्स आहेच. आणि दुरुस्तीनंतरही पान मोडकंच दिसलं तर नवी क्वेरी शोधण्याआधी कॅशे रिकामा करा. बरा झालेला मजकूर दुसऱ्यांदा 'दुरुस्त' होऊन जातो तो बहुतेक इथेच.